गल्ली क्वीन्समधली, किल्ली ऑल्बनीत

न्यूयॉर्क शहरात, क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला राहायला येऊन मला 19 वर्षं झाली. नवीन मराठी कुटुंब आलं की घर, शाळा, फोडणीच्या धुरानं बोंबलणारा स्मोक अलार्म, हे सगळं महिन्याभरात मार्गी लागतं. मग दुसऱ्या महिन्यात फोन येतो. ‘ताई, आमच्या कोपऱ्यावर गाड्या अशा लावतात की पलीकडचं काही दिसत नाही. तक्रार कुणाकडे करायची?’ नाहीतर, ‘ते नवीन मेयर बस फुकट करणार होते ना? मग माझ्या कार्डावरचे पैसे का गेले?’ हे लिहिते आहे ते या दुसऱ्या महिन्यातल्या फोनांसाठी.

आधी डोक्यातली पदं जरा हलवून घ्या. आपल्याकडे राज्यपाल शपथ देतात आणि मुंबईचा महापौर मानाचा, खरा कारभार आयुक्तांचा. इथे गव्हर्नर म्हणजे आपल्या हिशोबानं मुख्यमंत्री, आणि मेयर म्हणजे महापौर नि आयुक्त एकाच खुर्चीत. त्यामुळे भाषांतराच्या फंदात न पडता मी गव्हर्नर आणि मेयर असंच लिहिते. दुसरा घोळ बसचा. बेस्ट मुंबई महापालिकेची, म्हणून आपण धरून चालतो की शहरातली बस शहराचीच. इथली सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, आणि बस एमटीए नावाची संस्था चालवते आणि एमटीए राज्याची. तिचा अध्यक्ष गव्हर्नरच्या पसंतीचा असतो. मेयरला मंडळावर फक्त 4 नावं सुचवता येतात. राज्याची राजधानी ऑल्बनी, इथून तासन्‌तास उत्तरेला. तिथे सिनेटचे 63 आणि असेंब्लीचे 150 सदस्य बसतात, आणि तुमच्या गल्लीतल्या कितीतरी गोष्टी तिथे ठरतात.

फुकट बसचंच घ्या. जोहरान ममदानी 1 जानेवारी 2026 ला मेयर झाले, तेव्हा हे त्यांचं गाजलेलं आश्वासन होतं. त्याआधी ते अस्टोरियाचे असेंब्ली सदस्य होते, म्हणजे आमदार. तेव्हा त्यांनी पाठपुरावा केला आणि राज्याच्या बजेटमधून पाचही बरोंत, म्हणजे शहराच्या पाच विभागांत, एकेक मार्ग बिनभाड्याचा झाला. आपल्या क्वीन्समध्ये क्यू4. सप्टेंबर 2023 ला सुरू झालं, पुढच्या बजेटात मुदतवाढ मिळाली नाही, ऑगस्ट 2024 च्या अखेरीस बंद. थोडक्यात, आमदार असताना जे त्यांना जमवता आलं, ते मेयर म्हणून एकट्याच्या सहीनं जमत नाही. तुम्ही त्यांचे चाहते असा नाहीतर विरोधक, पैसे का कापले याचं उत्तर तेच.

भाड्याचं उरलेलं एवढंच: 4 जानेवारी 2026 पासून एका फेरीचे 3 डॉलर. सात दिवसांत 35 डॉलर झाले की पुढच्या फेऱ्यांचे पैसे लागत नाहीत. पण ही मर्यादा कार्डावर मोजली जाते, माणसावर नाही. सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी पाकिटातलं कार्ड, की दोन वेगळे हिशोब सुरू. कार्ड तेच असलं तरी फोनमधलं आणि प्लास्टिकचं यंत्राला वेगळं दिसतं. मी यात बरेच पैसे घातले आहेत. उत्पन्न कमी असेल तर ‘फेअर फेअर्स’मधून निम्म्या भाड्यात प्रवास होतो. त्याचे पैसे मात्र शहराच्या बजेटमधून येतात. गाडी राज्याची, सवलत शहराची. डोकं धरू नका, सवय होते.

आता त्या कोपऱ्याकडे येऊ, कारण मी स्वतः तिथूनच शिकले.

मुलगी दीड वर्षाची होती. पाळणाघराच्या वाटेवर एक कोपरा असा, की झेब्रा क्रॉसिंगला अगदी चिकटून रोज एक उंच पांढरी व्हॅन उभी. डावीकडून काय येतंय ते बघायचं तर आधी बाबागाडी रस्त्यात ढकलावी लागे. म्हणजे येणाऱ्या गाडीला प्रथम माझी मुलगी दिसणार, मग मी. एकदा एक टॅक्सी बाबागाडीच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. त्याच रात्री 311 वर, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरवर, बेकायदा पार्किंगची तक्रार नोंदवली; ती पोलिसांकडे जाते. सकाळी बघते तर तक्रार बंद: कारवाईची गरज आढळली नाही. पुन्हा केली, पुन्हा बंद. अशा सहा तक्रारी आणि प्रत्येकीचा नंबर मी वहीत लिहून ठेवला होता. डोंबिवलीचं रक्त, पुरावा सोडायचा नाही.

पुढे कळलं की पोलीस बरोबर होते आणि मी चूक. न्यूयॉर्क राज्याचा कायदा सांगतो की क्रॉसिंगच्या 20 फुटांच्या आत गाडी लावायची नाही. पण शहरानं स्वतःला या नियमातून वगळून घेतलं आहे. त्यामुळे ऑल्बनीच्या कोपऱ्यावर जे चुकीचं, ते क्वीन्सच्या कोपऱ्यावर चालतं. व्हॅनवाला कायद्यातच होता. मी पोलिसांना पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘याला दंड का करत नाही?’ विचारायला हवं होतं परिवहन खात्याला, डीओटीला: ‘या कोपऱ्यावर गाडी उभीच राहणार नाही असं काही कराल का?’ कोपरा मोकळा ठेवण्याला इथे ‘डेलाइटिंग’ म्हणतात. तो शब्द माहीत असला की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

हे मागायची जागा म्हणजे कम्युनिटी बोर्ड. शहरात अशी 59 बोर्डं आहेत, प्रत्येकावर जास्तीत जास्त 50 सदस्य, सगळे बिनपगारी. बरो प्रेसिडेंट त्यांना नेमतात, त्यातली निम्मी नावं कौन्सिल सदस्यांनी, म्हणजे इथल्या नगरसेवकांनी, सुचवलेली असतात. बोर्डाला अधिकार फक्त सल्ल्याचा, म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात. मुरडू नका. डीओटीची माणसं नकाशे घेऊन तिथेच येतात, कौन्सिल सदस्याचा प्रतिनिधी मागच्या रांगेत टिपणं काढत बसलेला असतो, आणि बोर्डाचा ठराव मागे असेल तर अर्ज फायलीत बुडत नाही. मुख्य म्हणजे बोलायला, आणि सदस्य व्हायलासुद्धा, नागरिकत्व लागत नाही.

मी गेले ती संध्याकाळ थंडीची होती. शाळेचं सभागृह, लोखंडी घडीच्या खुर्च्या, टेबलावर घड्याळ. प्रत्येकाला दोन मिनिटं. माझ्या आधीचे आजोबा तळमळून सांगत होते की जागा गेल्या तर त्यांनी गाडी कुठे लावायची. गुडघे दुखतात, दूरवरून चालत येणं होत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं, हे मला तिथे बसून पहिल्यांदा जाणवलं. माझी पाळी आली तेव्हा मी वहीतले सहा नंबर वाचले, व्हॅनचा फोटो दाखवला आणि घाबरून दीड मिनिटातच बसले. पुढची दोन वर्षं पत्रं, आठवणी, पुन्हा पत्रं. शेवटी कोपऱ्यावर सायकली लावायचे स्टँड बसले आणि व्हॅन एक गाळा मागे सरकली. तोवर मुलगी पाळणाघरातून बाहेर पडून शाळेत जायला लागली होती.

वेगमर्यादेची गोष्ट याच वळणाची. शहरात पाटी नसेल तिथे ताशी 25 मैल, नोव्हेंबर 2014 पासून. सरसकट 20 वर आणायची तर शहराला अधिकारच नव्हता. ब्रुकलिनमध्ये 2013 साली गाडीखाली गेलेल्या 12 वर्षांच्या मुलाच्या नावाचा ‘सॅमीज लॉ’ 2024 च्या राज्य बजेटसोबत मंजूर झाला, तेव्हा तो अधिकार मिळाला. त्यातही एखाद्या रस्त्याची मर्यादा उतरवण्याआधी तिथल्या कम्युनिटी बोर्डाला 60 दिवसांची सूचना द्यावी लागते. ती सूचना कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. शाळांजवळच्या वेगाच्या कॅमेऱ्यांनाही ऑल्बनीचीच परवानगी: 2018 च्या उन्हाळ्यात मुदत संपली आणि कॅमेरे काही आठवडे दंडच करेनात. आता 2030 पर्यंत चिंता नाही. मर्यादेच्या 10 मैलांहून वर गेलात की 50 डॉलर, आणि पावती गाडीच्या मालकाला. मित्राची गाडी मागून नेलीत तर हे लक्षात ठेवा, मैत्री टिकेल.

आणि हो, सिग्नल सोडून मध्येच रस्ता ओलांडणं फेब्रुवारी 2025 पासून शहरात गुन्हा नाही. आपल्या लोकांनी ते कायदा व्हायच्या आधीच अमलात आणलं होतं. पण तसं ओलांडताना पहिला हक्क गाडीचा असतो.

आता बजेट. हा शब्द आला की लोक पान उलटतात, म्हणून आधी गंमत सांगते. एरवी रस्ता झाडण्यासाठी ठरलेल्या दिवशी गाडी रस्त्याच्या त्या बाजूवरून हलवावी लागते. दिवाळीत पार्किंगची बाजू अशी बदलायची नसते, ती सूट शहराची आणि कित्येक वर्षं जुनी. दिवाळीची शाळेची सुट्टी मात्र राज्याच्या कायद्यानं आली. गव्हर्नरची सही नोव्हेंबर 2023 मध्ये झाली आणि 2024 साली पोरं पहिल्यांदा घरी राहिली. सण एक, दारं दोन.

राज्याचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. जानेवारीत गव्हर्नर आपला मसुदा मांडतात, मार्चमध्ये सिनेट आणि असेंब्ली आपापले मसुदे काढतात, आणि मग गव्हर्नर नि दोन्ही सभागृहांचे नेते बंद दाराआड घासाघीस करतात. तारीख पाळलीच जाते असं नाही: 2025 चं बजेट 8 मे ला मंजूर झालं, सुमारे 254 अब्ज डॉलरचं. बजेट म्हणजे इथली शेवटची कर्जत लोकल. ती सुटली की सकाळपर्यंत दुसरी नाही, म्हणून ज्याचा ज्याचा कायदा अडकलाय तो तिला लटकतो. सॅमीज लॉ असाच लटकून पोचला. मॅनहॅटनमध्ये 60व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी नेली की 9 डॉलर लागतात, त्याचा मूळ कायदाही 2019 च्या बजेटातला. तो जून 2024 अखेर 15 डॉलरनं सुरू व्हायचा होता. गव्हर्नर होकुल यांनी काही आठवडे आधी थांबवला, आणि 5 जानेवारी 2025 ला 9 डॉलरनं सुरू झाला. ते पैसे सबवेच्या सिग्नल-लिफ्टच्या कामांसाठी. लिफ्टचं म्हणाल तर 95 टक्के स्टेशनांवर ती 2055 पर्यंत होईल असा 2022 चा समझोता आहे; बाबागाडीवाल्यांनी तोवर व्यायाम करून हातांचे दंड कमवावेत.

तेव्हा भाडं, फेऱ्या, लिफ्ट यांबद्दल बोलायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या राज्य सिनेटर आणि असेंब्ली सदस्याच्या स्थानिक कचेरीत जा. मे महिन्यात गेलात तर चहासुद्धा गार मिळेल. ग्रंथालय, फुटपाथ, बाग, फेअर फेअर्स यांसाठी कौन्सिल सदस्य. शहराचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणून वसंतातल्या सुनावण्या धरा. काही कौन्सिल मतदारसंघांत निदान 10 लाख डॉलरची कामं रहिवासीच मत देऊन निवडतात. त्या मतदानाला वय 11 पुरे आणि व्हिसा कुठला हे कुणी विचारत नाही.

पण त्या मतदानाची आणि खऱ्या निवडणुकीची गल्लत कराल तर घात होईल. नागरिक नसलेल्यांना शहराच्या निवडणुकीत मत देता यावं असा कायदा कौन्सिलनं केला होता, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये रद्द केला. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा चौकोन समोर येतो. नागरिक नसाल तर त्यावर खूण करू नका, रांग कितीही मोठी असो आणि खिडकीतली बाई कितीही घाई करो. त्या एका खुणेनं पुढे ग्रीन कार्डाची माती होऊ शकते. तसंच एच-1बीवर असताना उमेदवाराला देणगी देऊ नका, पाच डॉलरचीही नाही. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं.

सबवे सुरक्षित आहे का, हे तर आई-वडीलही व्हिडिओ कॉलवर विचारतात. पोलीस शहराचे, सबवे राज्याची, त्यामुळे काही घडलं की दोघंही पुढे येतात; मार्च 2024 मध्ये गव्हर्नरनी नॅशनल गार्डचे 750 जवान स्टेशनांवर धाडले होते. मी बातम्या बघून गाडी पकडत नाही. रात्री उशीर झाला तर फलाटाच्या मध्यावर जाऊन उभी राहते, जिथे छताला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी टांगलेली असते. गाडी थांबली की कंडक्टर खिडकीतून त्या फळीकडे बोट दाखवतो, दर स्टेशनला, नियमानं. त्याच्याच डब्यात चढायचं. डबा अगदीच रिकामा असेल तर तो का रिकामा आहे याचा विचार करून शेजारच्यात जायचं. उन्हाळ्यात उत्तर बहुधा बंद पडलेला एसी असतं.

बर्फ पडलं की फुटपाथ साफ करणं इमारतीच्या मालकाचं काम. दिवसा बर्फ थांबल्यापासून त्याला साधारण चार तास मिळतात. पहिली आठवण मालकाला, मग 311.

बोर्डाच्या सभेला जाल तेव्हा बोलणाऱ्यांच्या यादीत आल्याआल्या नाव घाला. आणि घरी घड्याळ लावून एकदा बोलून बघा. आपल्याला व्यासपीठावरील मान्यवरांपासून सुरुवात करायची सवय, त्यात चाळीस सेकंद जातात. पहिल्या वाक्यात दोन रस्त्यांची नावं यायला हवीत, जिथे तुमचा कोपरा आहे.