कूलिंग पॅड घेताय? आधी लॅपटॉप उलटा करून बघा

दर एप्रिलमध्ये मला ओळखीतल्या तीन-चार जणांचे फोन येतात. "दादा, कूलिंग पॅड कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "तुझ्या लॅपटॉपमध्ये हवा शिरते कुठून?" पलीकडे शांतता. मग, "सहा पंख्यांचा एक पाहिलाय, मस्त निळे लाइट आहेत." लाइट मस्तच असतात. मीही एकदा त्यांनाच भुललो होतो, ते पुढे सांगतो.

आपल्या नागपुरात कूलर म्हटलं की पाण्याची टाकी, ओल्या ताट्या आणि वाळ्याचा वास आठवतो. कूलिंग पॅडमध्ये यातलं काहीच नसतं. तो नुसता पंखा. खोलीत जी हवा आहे तीच तो लॅपटॉपखाली ढकलतो, आणि खोली ४० अंशांवर असेल तर ४० अंशांचीच ढकलणार. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरायला ३५ अंशांपर्यंतचं वातावरण धरून चालतात. या शहराने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश बघितले आहेत. तेव्हा वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली बसून काम करत असाल, तर पॅडवर पैसे घालण्याआधी जिना उतरून खाली बसा. तो उपाय फुकट आहे.

कूलरच्या हवेत लॅपटॉप चालतो का, असंही विचारतात. चालतो. दमट हवेने आत पाणी धरेल ही भीती फुकाची आहे, कारण चालू लॅपटॉप हवेपेक्षा गरम असतो आणि गरम वस्तूवर दव जमत नाही. सांभाळायचं ते उडणाऱ्या थेंबांपासून. ताट्यांवर पाणी जास्त सुटलं की कूलर बारीक तुषार फेकतो. स्क्रीनवर वाळून पांढरे ठिपके पडतात ते त्याचेच. म्हणून झोताच्या समोर न बसता हात-दोन हात बाजूला बसा. लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तिथे मात्र पाणी नक्की धरतं.

१. मोजा

आतलं तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे सॉफ्टवेअर टाका, दोन्ही घरच्या वापरासाठी फुकट आहेत. तुमचं नेहमीचं जड काम वीस मिनिटं चालवा आणि प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा लिहून ठेवा, सोबत वेळ आणि खोलीचं तापमान. ९५ ते १०० च्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. दुपारी लॅपटॉप रखडतो तो त्यामुळे. जड कामातही आकडा ८० च्या आत राहत असेल तर पैसे खिशातच ठेवा. एकदा मोजून समाधान मानू नका. मे २०२४ च्या अखेरीस इथल्याच एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं.

२. खोडरबर लावा

लॅपटॉपच्या मागच्या दोन्ही पायांखाली एकेक खोडरबर ठेवा आणि पुन्हा वीस मिनिटं मोजा. चार-पाच अंश उतरले तर तुम्हाला साधा स्टँड पुरेल, पंख्यांच्या फंदात पडू नका.

३. धूळ काढा

दोन-तीन वर्षांत उघडला नसेल तर आधी साफ करून घ्या. ब्लोअर मारताना आतला पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो.

४. हवा शिरते कुठून ते शोधा

इथे मी दोन रविवार आणि बरेच पैसे घालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी बर्डीवर, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानदाराने मला पाच पंख्यांचा पॅड दिला. मध्ये एक भला मोठा पंखा, चार कोपऱ्यांत चार लहान. "घेऊन जा भाऊ, एसी विसरून जाल." घरी आणून मोजलं. आधी ९६ होते, आता ९५. मला वाटलं प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता पुढे पोचवणारा लेप, वाळली असेल. पहिला रविवार ती बदलण्यात गेला. तरी ९३. दुसऱ्या रविवारी पुन्हा उघडून पुन्हा बंद केला. मग एका रात्री लाइट गेली. खोलीत अंधार, बॅटरीवर लॅपटॉप चालू, आणि खाली पॅडचे निळे दिवे. वाकून बघतो तर मधल्या मोठ्या पंख्याचं निळं वर्तुळ सपाट काळ्या प्लास्टिकवर पडलेलं. तिथे एकही भोक नव्हतं. हवा घ्यायच्या जाळ्या होत्या मागच्या दोन टोकांना, त्या अंधारात. आणि पॅडचे लहान पंखे त्यांच्यापासून चांगले चार बोटं पुढे. त्या लाइटांचा मला झालेला उपयोग एवढाच.

मग शहाणा होऊन जाळीच्या जागेप्रमाणे दुसरा पॅड आणला. तोही फसला, कारण दिसणारी सगळी जाळी उघडी नसते हे मला ठाऊक नव्हतं. बऱ्याच लॅपटॉपांत तळाशी रुंदभर खाचा असतात, पण त्यातल्या अर्ध्या आतून काळी फिल्म चिकटवून बंद केलेल्या असतात. कंपनी हे मुद्दाम करते. हवा ठरलेल्या वाटेने, बोर्डावरच्या तापणाऱ्या भागांवरून जावी म्हणून. काही खाचा तर नुसत्या शोभेच्या. ती फिल्म काढून टाका असं सांगणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका.

तर पद्धत अशी. लॅपटॉप पूर्ण बंद करा, उलटा ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च खाचांवर तिरका मारा. जिथे पंख्याची पाती दिसतात तीच खरी जागा. काळा सपाट पडदा दिसला तर ती जाळी सोडून द्या.

आता खात्री करून घ्या. लॅपटॉप सुलटा करून दोन्ही कडांखाली दोन जाड पुस्तकं द्या, जड काम सुरू करा, आणि छताचा पंखा, कूलर दोन्ही बंद करा. मे महिन्यात ही दोन मिनिटं तपश्चर्या वाटते, पण झोत सुरू असताना काही कळत नाही. पेटलेली उदबत्ती खालून, चार बोटं लांब धरून हळूहळू फिरवा. धूर जिथे वळून आत ओढला जातो तिथे हवा शिरते. बिजागरीपाशी किंवा कडेला जिथे उधळला जातो तिथून ती बाहेर पडते. मी हे करत होतो तेव्हा आई दारातून म्हणाली, "आता लॅपटॉपची पूजा करून राहिला का रे?" उदबत्ती नको असेल तर टिश्यू पेपरची पट्टी धरा, ती जाळीला चिकटते. पण कडेच्या बारीक फटींवर धूरच चांगला कळतो.

शेवटची पायरी, आणि इथेच लोक चुकतात. पुस्तकांना कव्हर घालायचा ब्राऊन पेपर घ्या. बंद लॅपटॉप उलटा ठेवून कागद त्याच्या तळावर पसरा, कडा आखा, आणि खऱ्या जाळ्यांच्या जागी पेन्सिलने कागदाला आरपार भोकं पाडा. हा कागद दुकानात नेऊन पॅडवर ठेवताना पालथा ठेवायचा, म्हणजे आखलेली बाजू पॅडकडे. मी पहिल्यांदा तो आहे तसाच ठेवला होता आणि डावं-उजवं अदलाबदल झालं. लॅपटॉपमध्ये एकच पंखा आणि तोही एका कोपऱ्यात असेल, तर ही चूक महागात पडते. भोकांतून खालचे पंखे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तो पॅड कितीही नावाजलेला असो, तुमच्यासाठी नाही.

तळाला जाळीच नाही? काही लॅपटॉप कीबोर्डमधून किंवा कडेने हवा घेतात, आणि २०२० पासूनच्या, ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवाल्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नसतो. त्यांना पंख्यांच्या पॅडपेक्षा साधा स्टँड बरा.

५. दुकानात

पॅड तिथेच चालू करून मागा आणि जाळीवर टिश्यूचा तुकडा टाका. तो वर उडाला पाहिजे. काही पॅड हवा खाली ओढतात, म्हणजे लॅपटॉपचा पंखा वर खेचणार आणि हा खाली. असला ठेवून द्या.

योग्य जागी असलेले दोन मोठे पंखे सहा लहानांपेक्षा चांगले. कमी वेगात तेवढीच हवा, आणि आवाज कमी. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॉट एवढंच मिळतं, त्यावर पाच पंखे आणि रोषणाई काय चालणार? पॅड मोबाइलच्या चार्जरवर लावा, लाइट गेली की लॅपटॉपची बॅटरीही खाणार नाही. लॅपटॉप घसरू नये म्हणून पॅडला असलेली पुढची अडवण उंच असेल तर दिवसभर मनगटाला टोचते, टाइप करून बघा.

कडेला फोमची पट्टी असलेले, लॅपटॉपखाली हवा कोंडून दाबाने आत ढकलणारे पॅड मिळतात. ते खरंच काम करतात, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. पण आवाज शेजारी मिक्सर लावल्यासारखा, आणि आपल्याकडची धूळ तेवढ्याच जोरात आत जाते. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल आणि पॅडला काढता येणारा फिल्टर असेल तरच घ्या. घरी ऑफिसच्या मीटिंगा असतील तर नकोच.

"ॲल्युमिनियमचा स्टँड उष्णता शोषतो" हे दुकानातलं आवडतं वाक्य. लॅपटॉप रबराच्या पायांवर उभा असतो, धातूला त्याचा तळ धड लागतही नाही. ॲल्युमिनियम मजबूत म्हणून घ्या. उंच स्टँड घेतलात तर वेगळ्या कीबोर्डचे पैसेही धरा.

६. घरी आल्यावर

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपांत टर्बो, म्हणजे गरजेला वेग वाढवायची प्रोसेसरची सोय, बंद होतो. वेग थोडा जातो, पण कित्येकदा पॅडपेक्षा जास्त अंश यानेच उतरतात.

मग पहिल्यासारखंच मोजा. तेच काम, तीच वेळ, तीच खोली. तीन अंशांपेक्षा कमी फरक असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत पॅड परत करा. म्हणूनच खोकं पहिल्या दिवशी फाडू नका. ठेवलाच, तर त्याची जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा. पहिल्यांदा मी झाडली तेव्हा बारीक धुळीसोबत कूलरच्या ताट्यांमधल्या गवताच्या काड्या निघाल्या, त्यातली एक लॅपटॉपच्या पंख्यापर्यंत पोचली होती आणि आठवडाभर टिकटिक कसली येतेय ते मला कळत नव्हतं.