अ‍ॅपमधून बाहेरचा प्रोग्राम चालवताय? मग या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी एकाच साच्यातल्या असतात. "सर्व्हर हँग होतो, रॅम वाढवून बघितली तरी होतो." कोड उघडला की जावा नाहीतर पायथनमधून कुठलं तरी बाहेरचं टूल चालवलेलं दिसतं, पीडीएफ बनवायला, व्हिडिओ छोटा करायला, एक्सेल कन्व्हर्ट करायला, आणि एकदा चालू केल्यावर त्या टूलकडे कोणी ढुंकूनही बघितलेलं नसतं. प्रोसेस सुरू करा, संपेपर्यंत थांबा, पुढे चला. चार ओळींचा कोड, डेमोला चालला म्हणून तसाच प्रॉडक्शनला गेलेला. बाहेरचा प्रोग्राम चालवणं म्हणजे फंक्शन कॉल करणं नव्हे हो. ती वेगळी प्रोसेस आहे, ती स्वतःची मेमरी खाते, स्वतःचं आउटपुट ओकते आणि स्वतःच्या कारणाने मरते, आणि या तिन्ही गोष्टींवर नजर तुम्हालाच ठेवायची असते.

आउटपुट न वाचता वाट बघत बसणं

ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता कोड उघडायच्या आधीच अंदाज येतो. अंधेरीतल्या एका कंपनीचं हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढायचं सॉफ्टवेअर होतं. पार्ल्यातल्या ३० फ्लॅटच्या बिल्डिंगची बिलं झटक्यात निघायची, पण कांदिवलीतल्या चारशे फ्लॅटच्या सोसायटीची काढायला घेतली की सगळं ठप्प. एरर नाही, सीपीयू शून्यावर, मेमरी जिथल्या तिथे. पोरांनी सर्व्हर रिस्टार्ट केला, रॅम ८ जीबीची १६ केली, पीडीएफ टूलचं व्हर्जन बदललं, आणि तिकडे सोसायटीचे सेक्रेटरी बिलं कधी मिळणार म्हणून फोनवर फोन करतायत.

मी पहिल्यांदा थ्रेड डंप घेतला, म्हणजे जावाचा कुठला थ्रेड कुठे थांबलाय त्याची यादी. जावाचा थ्रेड वेटफॉरवर उभा, म्हणजे टूल संपायची वाट बघतोय. मग टूलच्या प्रोसेसला एसट्रेस (प्रोसेस ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागतेय ते दाखवणारी कमांड) लावला तर ते राइट कॉलमध्ये अडकलेलं, आणि लिहीत कुठे होतं तर डिस्क्रिप्टर २ वर, म्हणजे स्टँडर्ड एररवर, एरर आणि वॉर्निंग बाहेर जायच्या वाटेवर. झालं होतं असं की बिलाच्या टेम्प्लेटमध्ये मागितलेला मराठी फॉन्ट सर्व्हरवर नव्हताच, टूल दुसरा देवनागरी फॉन्ट वापरून बिल नीट काढत होतं पण प्रत्येक फ्लॅटमागे वॉर्निंगच्या दोन ओळी टाकत होतं. टूलचं आउटपुट जावाकडे पाइपमधून येतं, आणि लिनक्सवर पाइपचा बफर, म्हणजे न वाचलेलं साठवायची जागा, नेहमीच्या सेटिंगमध्ये ६४ केबी असतो. एक ओळ साधारण १०० बाइटची धरा, ३० फ्लॅटला सहा केबी होतात, काही बिघडत नाही. चारशे फ्लॅटला ८० केबी. पाइप भरला की लिहिणारा तिथेच थांबतो, कोणीतरी वाचेपर्यंत. आणि वाचणारा जावा तर टूल संपल्यावरच पुढे जाणार होता. दोघं एकमेकांची वाट बघत बसले, अशा वेळी १६ काय ६४ जीबी रॅम दिली तरी काय उपयोग?

तिथल्या एकाने लगेच सुचवलं की स्टँडर्ड एरर डेव्ह नलला, म्हणजे थेट कचऱ्यात, पाठवून देऊ, एका ओळीचं काम आहे. मी नाही म्हटलं. हँग होणं थांबलं असतं, पण उद्या टूल खरंच फाटलं तर ते का फाटलं हे सांगणारी एकमेव जागा तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलेली असते, आणि मग महिनाभर नुसते अंदाज बांधत बसायचं. माझी सवय अशी की जावात ज्याने प्रोसेस सुरू करतात त्या प्रोसेस बिल्डरमध्ये दोन्ही आउटपुट जॉब नंबरच्या नावाने एका फाइलमध्ये वळवायची. फाइल ६४ केबीला अडत नाही, आणि पुरावा हातात राहतो. जॉब नीट झाला तर फाइल उडवा, नाही झाला तर ठेवा. तिथे हेच केलं, वर फॉन्टही टाकून दिला.

पायथनवाल्यांनी हसू नये. पाइप लावून वेट केलं की तिथेही हेच होतं, डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ ताकीद लिहिलेली आहे तरी कोणी वाचत नाही. कम्युनिकेट वापरा, ते वाट बघता बघता आउटपुटही वाचतं. फक्त कम्युनिकेट सगळं आउटपुट मेमरीत गोळा करतं हे लक्षात ठेवा, एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलचा अख्खा व्हिडिओ त्यातून घेतलात तर अ‍ॅपची मेमरी व्हिडिओएवढी फुगणार, तिथे फाइलच बरी. नोडमध्ये एक्झेक वापरत असाल तर मॅक्स बफर, म्हणजे आउटपुटची मर्यादा, नेहमीच्या सेटिंगमध्ये १ एमबी असतो, त्याच्या वर आउटपुट गेलं की टूल मारलं जातं, मोठ्या आउटपुटला स्पॉन घ्या, ते आउटपुट तुकड्यातुकड्याने देतं.

हीपचा आकडा म्हणजेच मेमरी असं समजणं

कंटेनरला, म्हणजे अ‍ॅपला आखून दिलेल्या डब्याला, २ जीबी लिमिट, एक्सएमएक्स, म्हणजे जावा ऑब्जेक्ट ठेवते त्या हीपची कमाल मर्यादा, तीही जवळजवळ २ जीबी, आणि वर विचारतात कंटेनर का मरतो. लॉगमध्ये आउट ऑफ मेमरीची एरर नाही, नुसता एक्झिट कोड १३७. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिग्नल ९ देऊन मारलंय, आणि कंटेनरच्या बाबतीत बहुतेक वेळा मारणारा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असतो, मेमरी लिमिटच्या वर गेली म्हणून. तरी लोक हीप डंप घेऊन त्यातच लीक शोधत बसतात! हीपच्या बाहेर क्लासची माहिती ठेवणारा मेटास्पेस असतो, फाइल आणि नेटवर्कसाठीचे डायरेक्ट बफर असतात, ६४ बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला १ एमबीपर्यंत जागा धरलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही चालू केलेल्या प्रत्येक बाहेरच्या टूलची मेमरीसुद्धा त्याच कंटेनरच्या खात्यात पडते. हीपच्या ग्राफमध्ये ती कधीच दिसणार नाही.

कधी कधी कर्नल अ‍ॅपला सोडून टूललाच मारतो. मग जावाला त्या टूलचा एक्झिट कोड १३७ मिळतो, पायथनला उणे ९, आणि कोडमध्ये लिहिलेलं असतं "फाइल खराब आहे". युजर बिचारा तीच फाइल परत परत अपलोड करतो. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघा, कुठली प्रोसेस मारली ते तिथे नावासकट असतं.

माझ्या दोन सवयी सांगतो. कुठलंही टूल प्रॉडक्शनला लावायच्या आधी क्लायंटकडची सगळ्यात मोठी फाइल मागून घ्यायची आणि युएसआर बिनमधल्या टाइम कमांडला डॅश व्ही देऊन त्याखाली टूल चालवायचं, जास्तीत जास्त किती मेमरी खाल्ली ते शेवटी छापून येतं. दुसरी, एकावेळी किती कॉपी चालणार याला सेमाफोरने आकडा बांधून द्यायचा, बाकीचे रांगेत थांबतील. हीपला मी लिमिटच्या निम्म्यापेक्षा जास्त देत नाही जर बाहेरची टूलं चालणार असतील तर. थांबायला नको म्हणून सगळ्या रिक्वेस्ट एकदम सोडणाऱ्या घाईबाजांमुळे सगळ्यांचंच काम मरतं हे मी किती वेळा सांगितलंय.

आता बाकीच्या भराभर.

फ्री कमांडमधला "फ्री"चा कॉलम बघून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशला वापरतो आणि लागली की परत देतो. "अ‍ॅव्हेलेबल" बघा.

एक्झिट कोड तपासा. शून्य नसेल तर पुढे जाऊ नका, अर्धवट पीडीएफ ग्राहकाला मेल करू नका.

टर्मिनलवर चालतं आणि ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमधून चालत नाही? पाथ, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरची यादी, तिथे वेगळी असते. टूलचा पूर्ण पत्ता लिहा, विषय संपला.

युजरने दिलेलं फाइलचं नाव जोडून एक लांबलचक कमांड बनवायची आणि शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, द्यायची, हे बंद करा. नावात सेमिकोलन असेल तर पुढचा मजकूर शेल कमांड म्हणून चालवेल. २०१६ मध्ये इमेजमॅजिक या चित्रांच्या टूलमधल्या सुरक्षेच्या ज्या भोकाला इमेजट्रॅजिक नाव पडलं ते याच जातीचं होतं. जावात रनटाइम एक्झेकला एकच स्ट्रिंग दिली तर शेल नसतं पण जिथे स्पेस तिथे तुकडा पडतो, कोट लावून काही होत नाही, आणि "एप्रिल बिल" नावाची फाइल दोन वेगळी आर्ग्युमेंट होऊन जाते. आर्ग्युमेंटची लिस्टच द्या, दोन्ही त्रास जातात.

टाइमआउट लावलात तर चांगलंच, पण मारताय कोणाला ते बघा. एक्सेल वगैरे कन्व्हर्ट करायला वापरतात त्या लिबरऑफिसची सोफिस ही कमांड लिनक्सवर नुसती स्क्रिप्ट आहे, खरं काम करणारी सोफिस डॉट बिन ही प्रोसेस तिच्या खाली असते. वरच्याला मारून खालचं मागे राहिलं तर ते तसंच मेमरी धरून बसतं आणि दुपारपर्यंत अशी दहा-बारा जमतात. पायथनमध्ये नवीन सेशनमध्ये सुरू करून अख्खा ग्रुप मारा, जावा ९ पासून प्रोसेस हँडलमधून सगळी वंशावळ मिळते, ती आधी मारा मग मूळ प्रोसेस. आणि लिबरऑफिसची दोन कन्व्हर्जन एकदम चालवायची असतील तर प्रत्येकाला वेगळं युजर इन्स्टॉलेशनचं, म्हणजे प्रोफाइलचं, फोल्डर द्या, एकच प्रोफाइल दिलं की दुसरं जे येतं ते पहिल्याच प्रोसेसला जाऊन चिकटतं आणि तुम्ही भलत्याचीच वाट बघत बसता. जॉब झाला की ते फोल्डर फायनलीमध्ये, म्हणजे एरर आली तरी चालणाऱ्या भागात, उडवा, नाहीतर पुढची तक्रार डिस्क भरल्याची येईल.