जुना एसएलआर कॅमेरा: निवड, वापर आणि पावसाळ्यातली निगा

कोल्हापुरात फिल्मचा जुना एसएलआर कॅमेरा, म्हणजे लेन्समधून येणारे दृश्यच आतल्या आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा, बाळगायचा असेल, तर पहिला विचार ओलीचा करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात हवा इतकी दमट असते की चामड्याच्या खोळीत घालून कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते. म्हणून कॅमेरा विकत घ्यायचा असो वा घरचाच बाहेर काढायचा असो, तपासणी लेन्सपासून सुरू करावी. लेन्स काढून तिचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडावे, मागून मोबाइलचा टॉर्च धरावा आणि समोरून जरा तिरके पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी समजावी. ती थोडी असेल तर जाणकार कारागीर साफ करू शकतो, परंतु तिने काचेवरचे कोटिंग खाल्ले असेल तर तो डाग कायमचा असतो, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर बॉडी पाहावी. रोल न घालता मागचे झाकण उघडून प्रत्येक शटर स्पीड (फिल्मपुढचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते माप) चालवून पाहावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात वंगण घट्ट होते आणि मंद स्पीड आधी अडखळतात. एक सेकंदाचा स्पीड खरोखर सेकंदभर चालतो का, हे कानांनाही कळते. शटरचा पडदा कापडी असेल तर त्यामागे उजेड धरून भोके शोधावीत, पण पडद्याला बोट लावू नये. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बहुधा चिकट होऊन विरघळलेला असतो. तिथून प्रकाश शिरतो आणि फोटोवर पट्टे उमटतात. तो खरवडून नवा बसवणे घरी जमण्यासारखे आहे. बाबूराव पेंटर यांनी ज्या शहरात १९१८ साली स्वदेशी मूव्ही कॅमेरा घडवला, तिथल्या माणसांनी एवढ्या कामाला बिचकू नये. आरसा मात्र पुसू नये, कारण त्याचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि मऊ रुमालानेही त्यावर ओरखडे उठतात.

पहिला कॅमेरा यांत्रिक शटरचा असावा. १९७६ ते १९९७ या काळात बनत राहिलेला पेंटॅक्स के१००० किंवा १९८२ साली आलेला निकॉन एफएम२ यांना बॅटरी केवळ लाइट मीटरसाठी, म्हणजे प्रकाश मोजण्यासाठी लागते. १९७६ सालचाच कॅनन एई-१ उत्तम आहे, परंतु बॅटरीवाचून त्याचे शटरच चालत नाही. के१०००चा मीटर बंद करण्याचे बटण नाही. म्हणून बॅटरी वाचवण्यासाठी काम झाले की लेन्सला झाकण लावावे. साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले होते, त्यांत १.५ व्होल्टची बॅटरी घातल्यास मीटर चुकू शकतो, तेव्हा त्याचे माप मोबाइलवरील मीटरशी ताडून पाहावे.

रोल भरल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढील काढावी. पुढे प्रत्येक वाइंडला (फोटोनंतर फिल्म पुढे सरकवताना) ती आपोआप फिरत असेल, तरच फिल्म सरकते आहे असे समजावे. रोल संपल्यावर तळाचे बटण दाबून फिल्म पूर्ण गुंडाळल्याशिवाय झाकण उघडू नये.

मीटर बंद असला तरी अडत नाही. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवून शटर स्पीड फिल्मच्या आयएसओच्या (प्रकाश टिपण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या) जवळचा घ्यावा, म्हणजे १०० आयएसओला १/१२५ आणि ४०० आयएसओला १/५००. मीटर चालू असला तरी तो प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे मानून माप देतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रंकाळ्यावर संध्याकाळी समोर उजळ आकाश असेल तर मीटर फसून काठावरची माणसे काळी पडतात; अशा वेळी कॅमेरा खाली झुकवून सावलीतल्या जमिनीवरून माप घ्यावे. उलट पन्हाळ्याच्या तीन दरवाजाचा काळा दगड चौकटभर असेल तर एक स्टॉप कमी करावा, म्हणजे प्रकाश निम्मा द्यावा. मनात शंका असेल तर थोडा जास्त प्रकाश द्यावा, कारण निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश सोसते, कमी प्रकाश फारसा सोसत नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाची वेगळीच काळजी घ्यावी लागते. रोल डोंगरावर चढण्यापूर्वी भरावा, गुलालात लेन्स बदलू नये आणि झाकण उघडू नये. लेन्सपुढे यूव्ही फिल्टर लावावा आणि बॉडीवर प्लास्टिकची पिशवी बांधावी. परतल्यावर आधी मऊ ब्रशने झटकून ब्लोअरने फुंकावे, मगच कोरड्या कापडाने पुसावे. ओल्या फडक्याने रंग पसरतो आणि फोकस रिंगच्या फटीत उतरतो.

पावसाळ्यात कॅमेरा खोळीतून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. आत छोटा आर्द्रतामापक असल्यास काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. बॅटरी काढून ठेवावी, शटर ताणलेले ठेवू नये. दोन-तीन आठवड्यांनी उघडीप मिळाली की कॅमेरा बाहेर काढून सर्व स्पीड एकदा चालवावेत, फोकस आणि अ‍ॅपर्चरच्या रिंगा फिरवाव्यात आणि लेन्स टॉर्च धरून पुन्हा तपासावी.