संस्थेचं ध्येय एका वाक्यात कसं बसवावं

वाचनालय, पतसंस्था, शाळा, कुठेही जा, भिंतीवर ‘सर्वांगीण विकास’ हमखास असतो. तो पुसून कामाचं वाक्य लिहायचं असेल तर आधी संस्थेची घटना काढा आणि उद्देशांचं पान वाचा. बहुधा दुसऱ्या कुणाच्या घटनेवरून उतरवलेलं असतं. वाचून बाजूला ठेवा.

मग बैठक. सात-आठ जण पुरेत, पण शिपाई हवाच. ‘व्हिजन’ ठरवायला रिसॉर्टवर जा असं कुणी सुचवलं तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.

आता गाळणी. इथे मी सपशेल आपटलोय. एका वाचनालयाचा कार्यवाह होतो. अध्यक्षांची व्याख्यानमाला, कुणाचा महिला मेळावा, कुणाचे बालसंस्कार. कुणाचं मन मोडायला नको म्हणून मी सगळंच घातलं. चार ओळींचं वाक्य झालं, वर फ्लेक्स. महिन्याभरात शिपाई म्हणाला, “भाऊ, परीक्षेची पोरं सहालाच पायरीवर येऊन बसतात. आपण उघडतो आठला. या फ्लेक्सप्रमाणे काय करायचं?” चार ओळी पुन्हा वाचल्या. उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी चर्चेआधी मागच्या वर्षाचा जमाखर्च टेबलावर ठेवतो. संस्था खरोखर कशासाठी चालते ते तिथे लिहिलेलं असतं. आमच्याकडे मांडव, शाली, नारळ आणि फोटो यांवरचा खर्च पुस्तकांपेक्षा जास्त निघाला. वाचनालय कसलं, मंगल कार्यालयच ते!

नंतर प्रत्येकाने चिठ्ठीवर बंद करण्याजोगं एक काम लिहायचं, नाव न घालता. हात वर करायला लावू नका. अध्यक्षांसमोर व्याख्यानमालेविरुद्ध कोण बोलणार? आणि त्याच दिवशी निर्णयही नको. आठवडाभर रुसवेफुगवे होऊ द्या.

उरलं त्याचं वाक्य करा आणि उलटं करून पाहा. ‘दर्जेदार सेवा’ लिहिलंत? निकृष्ट सेवा देऊ असं कोण म्हणेल? खोडा. आमचं शेवटी असं झालं: ‘ज्याला घरी अभ्यासाला जागा नाही, त्याला इथे पहाटेपासून जागा आणि पुस्तक.’ कुलूप सहाला उघडू लागलं, पाच दिवसांची व्याख्यानमाला एका दिवसावर आली. अध्यक्ष दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

चांगला नमुना हवा असेल तर १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथे सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद बघा: ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. पोराकडे पैसे नसले तर काय, याचं उत्तर त्यातच आहे. ‘कमवा आणि शिका’ त्यातूनच येतं.

रोजच्या वापराच्या वाक्याला कार्यकारिणीचा ठराव पुरतो. घटनेतले उद्देशच बदलायचे असतील तर सोसायटी नोंदणी कायदा १८६० च्या कलम १२ प्रमाणे महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन-पंचमांश मतं लागतात. त्या वाटेला वकिलाशिवाय जाऊ नका.

फ्लेक्स लगेच छापू नका. दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहा. सहा महिन्यांत कुणी पुसायला सांगितलं नाही, तर पेंटरला बोलवा.