२८० कॅरेक्टरमध्ये मराठी बसवायची कशी

आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीकाकांनी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, "हे ट्विटरवर टाक रे". मजकूर असा: "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, आपल्या मंडळाच्या वतीने येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेमध्ये भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आलेले आहे, तरी जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहून सहकार्य करावे ही नम्र विनंती."

मोजा. २२३ कॅरेक्टर. ट्विटरच्या २८० च्या लिमिटमध्ये बसतंय की, मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम हा की यात पत्ताच नाहीये! यायचं कुठे? तो टाकायला गेलो, वर लिंक टाकली, दोन हॅशटॅग टाकले की गेलं लिमिटबाहेर, लाल रंगात.

आधी मोजणी समजून घ्या कारण इथेच बरेच जण फसतात. आपण अक्षर मोजतो, एक्स (म्हणजे आपलं ट्विटरच) मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं न दिसणारं हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) सुद्धा वेगवेगळं मोजतं. 'मराठी' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, तिथे होतात ५. आणि 'स्त्री' बघा, कागदावर नीट एक जोडाक्षर, पण मोजणीत ६. स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. म्हणून संस्कृत वळणाचे जोडाक्षरवाले शब्द महाग पडतात. बाकी इमोजी कुठलाही असो, २ धरा. लिंक कितीही लांब असली तरी २३ च मोजते, त्यामुळे ती छोटी करणाऱ्या साइटच्या नादी लागू नका, उगाच लोकांना संशय येतो क्लिक करताना.

(ट्विटरची लिमिट आधी १४० होती, कारण ते एसएमएसवर चालायचं, एसएमएस १६० चा, त्यातले २० युजरनेमसाठी ठेवले. २०१७ च्या नोव्हेंबरात २८० झालं. चिनी, जपानी, कोरियनवाले मात्र १४० वरच राहिले, त्यांचं एकेक अक्षर दोन धरतात. आपण त्यातून वाचलो.)

आता कापायचं कसं. माझं मत स्पष्ट आहे, अक्षरं कापू नका, सरकारी मराठी कापा. 'करण्यात येणार आहे' म्हणजे १७, 'होणार' म्हणजे ५. अर्थाला काय फरक पडला? काही नाही. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' हे ३३ कॅरेक्टर तर शुद्ध हवा आहे, तुम्ही पोस्ट टाकलीत म्हणजे कळवलंतच ना. 'पुण्यामध्ये' ऐवजी 'पुण्यात', चार वाचले. 'परंतु' ऐवजी 'पण'. 'ॲपच्या माध्यमातून' ऐवजी 'ॲपवर'. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात ही केवढी सोय आहे, आणि आपण तिथे 'च्या वतीने', 'च्या अनुषंगाने' असली शेपटं लावत बसतो. सोपी युक्ती सांगतो, मजकूर मोठ्याने वाचा, फोनवर मित्राला असं सांगाल का? नाही ना, मग जसं सांगाल तसं लिहा, आपोआप निम्मं होतं.

जागा वाचवायला 'दु. २', 'ता. १२' चालतं, पत्रिकेत असतंच. पण वेलांट्या खाऊन किंवा अनुस्वार उडवून वाचवू नका, एक कॅरेक्टर वाचतं आणि लोक शिबिर सोडून शुद्धलेखनावर तुटून पडतात. हॅशटॅग देवनागरीत चालतो, फक्त मध्ये स्पेस किंवा डॅश टाकला की तिथेच तुटतो. एक पुरे.

इन्स्टाला २,२०० ची लिमिट आहे म्हणून खूश होऊ नका, फीडमध्ये सुरुवातीची ओळ-दोन ओळीच दिसतात, बाकीचं कोण उघडतंय. तारीख-वेळ-जागा वरच हवी.

आणि एसएमएस पाठवणार असाल तर जास्त जपा. इंग्रजीत १६० मिळतात, पण मेसेजमध्ये देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी लिमिट ७० वर येते, त्यापुढे गेलात की ६७-६७ चे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे. आमच्या सोसायटीचा पाण्याचा मेसेज आधी तीन तुकड्यांत जायचा, कारण सुरुवातच 'सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना'. आता "उद्या बुधवारी सकाळी १० ते संध्याकाळी ५ पाणी बंद, भरून ठेवा." ५९ मध्ये काम झालं, आणि बादल्याही भरल्या जातात.

तर काकांच्या मजकुराचं मी हे केलं: "रविवारी रक्तदान शिबिर, सकाळी ९ ते दुपारी २, मंडळाच्या मांडवात. उपाशी येऊ नका, नाश्ता करून या." ९३ कॅरेक्टर, पत्ता आला, नाश्त्याचं आलं, लिंकला भरपूर जागा. काकांना पाठवलं. दहा मिनिटांनी फोन, "अरे सगळं ठीक आहे, पण भव्य कुठे गेलं?" घातलं परत. ९८.