चेतासंस्था शिकताना या चुका टाळा

चेतासंस्थेच्या धड्यातली नावं मुलांना तोंडपाठ असतात, तरी गुण नेमके तिथेच जातात. संदेश कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हे आकृतीवर बोट ठेवून कुणी पाहिलेलंच नसतं. माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ हेच.

सगळ्यात मोठी चूक प्रतिक्षिप्त क्रियेच्या उत्तरात होते. ‘तव्याचा चटका बसला, हात मागे आला, यात मेंदूचा संबंध नाही’ असं सर्रास लिहिलं जातं. पहिला भाग बरोबर आहे. त्वचेतल्या ग्राहींना चटका कळतो, संवेदी चेतापेशी तो आवेग (म्हणजे संदेश) पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत आणते, तिथली सहयोगी चेतापेशी तो प्रेरक चेतापेशीकडे देते आणि दंडाचा स्नायू आकुंचन पावून हात ओढून घेतो. पण त्याच वेळी संदेश वर मेंदूकडेही निघालेला असतो. त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून हात आधी हलतो आणि ‘आई गं!’ नंतर तोंडातून निघतं. इतकंच नाही, मेंदू ही क्रिया रोखूही शकतो. हातातला कप भाजतोय आणि शेजारी बाळ खेळतंय, तेव्हा आपण चटका सोसून कप नीट खाली ठेवतोच की. म्हणून उत्तरात ‘मेंदूच्या आदेशाची वाट न पाहता’ असं लिहा, ‘मेंदूशिवाय’ नको.

याच क्रियेच्या आकृतीत बाण हमखास उलटे पडतात. संवेदी तंतू मेरुरज्जूत पाठीच्या बाजूने शिरतात, प्रेरक तंतू पोटाच्या बाजूने बाहेर पडतात. संवेदी चेतापेशीची पेशीकाया, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, मेरुरज्जूच्या आत काढू नका, ती बाहेर, पाठीकडच्या मुळावरच्या फुगीर गाठीत असते.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटवून काढणं ही आणखी एक जुनी खोड. बहुतेक ठिकाणी त्यांच्यात अतिसूक्ष्म फट असते आणि ती ओलांडायला रसायन लागतं. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. बेडकाच्या हृदयाची भ्रमणचेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी चेता) उद्दीपित करून त्यांनी त्याचे ठोके मंदावले आणि त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. त्याचेही ठोके मंदावले! दोघांमध्ये चेतातंतूचा एक धागाही नव्हता. हा प्रयोग एकदा नीट समजला, की आकृतीतली ती फट कुणी विसरत नाही.

मेंदूच्या भागांची अदलाबदलही नेहमीची. तोल आणि हालचालींचा मेळ अनुमस्तिष्काकडे (लहान मेंदूकडे), श्वसन आणि हृदयाचे ठोके मस्तिष्कपुच्छाकडे. ‘डावा मेंदू, उजवं शरीर’ हा नियम प्रमस्तिष्काचा (मोठ्या मेंदूचा) आहे, अनुमस्तिष्काला लावू नका. त्याचा डावा भाग डाव्याच बाजूचं काम पाहतो. आणि आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे वाक्य निबंधातही नको, ते साफ खोटं आहे.

मणके ३३ म्हणून मेरुचेतांच्या, म्हणजे मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेतांच्या, जोड्याही ३३ लिहिल्या जातात. त्या ३१ असतात. मानेत मणके ७, पण चेतांच्या जोड्या ८. माकडहाडाच्या भागात मात्र एकच जोडी असते.