फ्लॅट भाड्याने देताय? चावी हातात द्यायच्या आधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीय, तिथूनच सुरू करते. पुण्यात धायरीला आमचा वन बीएचके आहे. पहिल्यांदा भाड्याने दिला तेव्हा एजंट म्हणाला, ताई ११ महिन्यांचंच आहे ना, मग रजिस्टर कशाला, नोटरी करून टाकू, आणि मी ५०० च्या स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळी झाले. ११ महिने संपले, भाडेकरू मुलगा चांगला होता म्हणून नवीन कागद केलाच नाही, तसंच पुढे चालू ठेवलं. दीड वर्षाने त्याने भाडं देणं थांबवलं, म्हणतो काकू तुम्हीच बोलला होतात ना की शेवटचे महिने डिपॉझिटमधून वळते करू. मी असं कधीच बोलले नव्हते, पण वकिलांकडे गेले तर त्यांचा पहिला प्रश्न, रजिस्टर्ड आहे का?

११ महिन्यांचं हे खूळ कुठून आलं तर नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोकांनी ११ चा आकडा धरून ठेवला. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टरच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर ३ महिन्यांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. माझ्याकडे सिद्ध करायला काय होतं, काहीच नाही.

आणि खर्च किती वाचवला मी? भाडं १८ हजार, ११ महिन्यांचे झाले १ लाख ९८ हजार, डिपॉझिट ५० हजार म्हणजे त्यावर १० टक्क्यांनी व्याज धरतात ते साधारण साडेचार हजार, या सगळ्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. एजंटचे वेगळे द्या, पण सरकारी खर्च दीड हजार. आता घरी बसून आधार आणि अंगठा लावून ऑनलाइन होतं.

दुसरं, मुदत संपली की लगेच नवीन करार करा. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार असेल आणि मुदतीनंतर माणूस हलत नसेल तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोपर्यंतची भरपाई भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. ही ताकद कागदात आहे, म्हणून रागाच्या भरात लाईट-पाणी तोडणं, बाहेरून कुलूप ठोकणं असलं काही करू नका, पोलीस तक्रार तुमच्यावरच होते.

चावी द्यायच्या दिवशी मोबाईल काढा आणि लाईटच्या मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो घ्या, मग बाथरूमचा ट्रॅप, किचन सिंकच्या खालचा पाइप, गिझर, खिडक्यांच्या काचा, सगळं व्हिडिओत घ्या आणि त्याच दिवशी भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप करा. आमच्याकडे घर सोडल्यावर महावितरणचं तीन महिन्यांचं बिल थकलेलं निघालं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला पिवळा डाग, सिंकचा पाइप कधीपासून गळत होता कोण जाणे, कुणी सांगितलंच नाही. आता मी दर चार महिन्यांनी आधी फोन करून एक चक्कर मारते.

सोसायटीचं पण बघून घ्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, पूर्ण मेंटेनन्सच्या नाही, खूप जणांकडून जास्त घेतात आणि लोक गुपचूप भरतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची तीही राहू देऊ नका.

गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांना एकच सांगते, भाड्यातून हप्ता निघेल हे गणित आधी कागदावर मांडून बघा. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता जातो २६ हजारांवर. भाडं १८ हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना, रंगकाम. टॅक्समध्ये भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पण घरपट्टी वजा करायला तिची पावती तुमच्याकडे पाहिजे, आणि मी तर पहिली दोन वर्षं ती कुठे ठेवली तेच शोधत होते. आता एक फाईल केलीय, करार, पावत्या, लाईट बिलं, सगळं त्यातच.